बाबांची तिसरी तार

आमचे हे भांडत नाहीत. लोक म्हणतात, बाईनं नशीब काढलं. त्यांना म्हणावं, एकोणीस वर्षं अशा माणसाबरोबर राहून दाखवा, मग बोला.

शिंप्यानं पँटचा एक पाय दोन बोटं आखूड शिवला, तर हे तीच पँट घालून घरी आले. म्हणाले, "जाऊ दे, चालताना कुठे कळतंय?" वरच्या मजल्यावरच्यांचं पाणी आमच्या न्हाणीघरात वर्षभर गळत होतं. ह्यांनी खाली बादली ठेवली. भरली की ओतायची, परत ठेवायची. शेवटी मी वर गेले, दहा मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला, आणि चौथ्या दिवशी प्लंबर हजर. कामावर ह्यांना 'जाऊदे मास्तर' म्हणतात. त्यावरही हे हसतात.

घरातली भांडणं करायचं काम माझ्याकडे. वाण्यापासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी माझं तोंड ऐकलंय. म्हणून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते. तरी सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही आणि हे तर नाहीच नाही.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. काम शिकवलं माझ्या बाबांनी. आधी चेला, मग जावई. सासऱ्यांना हे 'मामा' म्हणतात आणि अजून त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतात. बाबांनी बेचाळीस वर्षं हेच काम केलं. वय झालं तरी कंपनी त्यांना सोडायला तयार नव्हती, कारण जुन्या लिफ्टची नस त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. शिवाय आमच्या छोट्या चर्चच्या पंचांमध्ये ते सगळ्यात ज्येष्ठ. थोडक्यात, कामावरही त्यांचाच शब्द आणि रविवारीही त्यांचाच.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आधी समजावून घ्या. लिफ्टचं दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. पण बिघाड दाराच्या लॉकमध्ये आहे की आणखी कुठे, हे बघायला मेकॅनिक लॉकच्या विजेच्या दोन टोकांमध्ये एक तार जोडतो. तार जोडली की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. बिघाड सापडला की तार काढायची. ती तशीच ठेवून घरी गेलात, तर लिफ्ट दार उघडं असतानाही निघते. माणसाचा एक पाय आत, एक बाहेर. पुढचं मी सांगत नाही.

म्हणून बाबांचा नियम होता. तारा तीनच. लाल, हातभर लांब, प्रत्येकीच्या टोकाला पिवळ्या कापडाची पट्टी. खिशात नाही, पेटीत नाही, गळ्यात अडकवायच्या. मशीनरूममध्ये शिरताना गळ्यात तीन, निघताना गळ्यात तीन. पिवळ्या पट्ट्या माझी आई शिवून द्यायची, त्याही फक्त बाबांना, कडा दुमडून, बारीक हातशिलाईनं. हे नवशिके असताना एकदा ह्यांनी तार खिशात ठेवली होती. बाबांनी चारचौघांत कानाखाली आवाज काढला. ह्यांचं म्हणणं, तेवढी एक थप्पड दहा वर्षांच्या शिकवणीला भारी पडली.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर बाबा मला दोनतीनदा आईच्या नावानं हाक मारून गेले. एकदा चहाचं भांडं जळून कोळसा झालं. आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं की होतं असं, असं म्हटलं की विषय संपतो.

गेल्या वर्षी एका गुरुवारी ह्यांना एका चार मजली इमारतीत पाठवलं. लिफ्ट हिसके देते, अशी तक्रार होती. तिसऱ्या मजल्यावर शिवणवर्ग चालतो. तिथल्या शिवणबाई साठीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो, परवा दार उघडंच होतं आणि लिफ्ट निघाली. माझी काठी आत, मी बाहेर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

हे वर गेले, मशीनरूममधलं कंट्रोलचं कपाट उघडलं. आत लाल तार लटकत होती, टोकाला पिवळी पट्टी. आधीच्या शुक्रवारी त्या लिफ्टवर बाबा येऊन गेले होते. म्हणजे सहा दिवस ती लिफ्ट तशीच चालली होती.

ह्यांनी तार काढली, लॉक नीट केलं, तीनतीनदा तपासलं. मग मशीनरूममधल्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दाराचं लॉक तपासलं'. एवढंच. तार खिशात घातली आणि घरी आले.

दोन दिवस ह्यांच्या तोंडातून शब्द नाही. तसे हे मुळातच कमी बोलतात, पण न बोलण्यातही फरक असतो, तो बायकोला कळतो. शनिवारी संध्याकाळी मी चर्चसाठी कपड्यांना इस्त्री करत होते. हे आले, खिशातून तार काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

मी इस्त्री उभी करून ठेवली. मी पहिलं वाक्य काय बोलले, ऐका. "कुणाला बोलला नाहीत ना?"

"नाही."

"मग आता बोलूही नका. काढलीत ना तार? झालं तर मग."

"आणि उद्या दुसरीकडे राहिली तर?"

"नाही राहणार. एकदा चुकतं माणसाचं. बेचाळीस वर्षांची अब्रू आहे माझ्या बापाची. आणि तुम्ही कधीपासून भांडायला लागलात? इतकी वर्षं बादल्या ओतल्यात ना? इथेही ओता एक."

माझं तोंड सुटलं होतं. मी म्हटलं, "दुसरा गाल पुढे करायचा असतो ना? दर महिन्याला मला ऐकवता ते."

"तो माझा गाल असेल तर," हे म्हणाले. "इथे गाल शिवणबाईंचा आहे. तो मी कसा पुढे करू?"

मग हळूच म्हणाले, "दोन दिवस मी बघतोय, मला मामांचा राग आलाय की काळजी वाटतेय. राग असता तर गप्प बसलो असतो. प्रभूनं भांडण टाळायला कुठे सांगितलंय? ज्याचं चुकलं त्याच्याकडे आधी एकट्यानं जा म्हणून सांगितलंय. मी आजवर गेलोच नाही कुणाकडे. न जाण्यालाच चांगुलपणा समजत होतो."

"प्रभूला सासरा नव्हता," मी म्हटलं आणि इस्त्री परत उचलली. त्या रात्री ह्यांच्या शर्टाला जरा जास्तच कडक इस्त्री झाली.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा एकेक तुकडा खायचा. आमच्याकडे भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरवायचं काम बाबांचं. आमच्या मंडळीत एक शिस्त आहे. कुणाशी बिनसलं असेल, तर आधी जाऊन ते मिटवायचं आणि मगच ताटाला हात लावायचा. बहुतेक जण ती सोयीनं पाळतात. मी स्वतः तिघींशी अबोला धरून तुकडा घेतलाय, ते प्रभूला माहीत आहे. बाबा आमच्या बाकाशी आले, ताट ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी तुकडा न घेता ताट माझ्याकडे सरकवलं.

एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. बाबांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि पुढच्या बाकाकडे जायचंच विसरले. मागून कुणीतरी खोकलं, तेव्हा निघाले. मी तुकडा घेतला होता.

उपासना संपल्यावर हे एकटेच बाबांच्या घरी गेले. काय झालं ते नंतर मला सांगितलं. ह्यांनी सुरुवात स्वतःपासून केली, की मी रजिस्टरमध्ये खरं लिहिलं नाही, ते माझं चुकलं. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ, मग दुसऱ्याचं कुसळ. इथे मुसळ कुणाच्या डोळ्यात होतं ते उघड होतं, पण ह्यांची रीत तशी. मग तारेचं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, उठले, कामाची पिशवी आणली आणि तीन लाल तारा टेबलावर टाकल्या. "मोज. तीन आहेत की नाहीत? तुझ्याकडची कुठून आणलीस ते तूच बघ. माझी जागा हवी असेल तर तोंडानं माग, असले उद्योग करू नकोस."

संध्याकाळी बाबांचा मला फोन आला. "नवऱ्याला आवर. घरचा माणूस म्हणून गप्प बसलोय."

मला काय वाटलं असेल? मला बाबांचं पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. तीन तारा होत्या ना, मग झालं. ही चौथी कुठून आली, हा विचार डोकं वर काढायचा आणि मी तो खाली दाबायची. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला का माहीत नाही? तरी दोन दिवस झाकून ठेवलं. ह्यांच्यापुढे ताट आदळत होते. हे मुकाट जेवत होते आणि दुपारची सुट्टी बुडवून बाबा जिथे जिथे काम करून गेले तिथे मागून जाऊन तपासून येत होते, हे मला नंतर कळलं.

बुधवारी हे म्हणाले, "प्रभूनं सांगितलंय, एकट्याचं ऐकलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी बरोबर घेऊन जायचं. तू चल."

"मी? लेकीनं बापाविरुद्ध साक्ष द्यायची?"

"विरुद्ध नाही. बरोबर. बाहेरचा नेला तर गोष्ट बाहेर जाईल. कंपनीत जायच्या आधी त्यांना आणखी एक वेळ मिळायला हवी."

मी गेले. बाबांची बाजू घ्यायला गेले, हे आधीच सांगून टाकते.

बाबांच्या खोलीत जेवणाचं टेबल, त्यावर मेणकापड, कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. बाबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मला बघून त्यांना वाईट वाटलं असावं. पिशवीतून तारा काढून माझ्यापुढे ठेवल्या. "घे, तूच मोज. तुझ्यावर तरी विश्वास ठेवेल तो."

मी पहिली उचलली. दुमडलेली कड, आईची शिलाई. दुसरी तशीच, पट्टीचा पिवळा रंग धुऊन धुऊन फिका झालेला. तिसरीची पट्टी झगझगीत पिवळी, कात्रीनं कापलेली, कडेचे दोरे सुटलेले, नुसती गाठ मारून बांधलेली.

बोलायचं नव्हतं मला. पण तोंडातून निघालंच. "बाबा, ही आईनं केलेली नाही."

"जुनी फाटली."

"कधी?"

"फाटली असेल. आता लक्षात कुठे राहतं?"

ह्यांनी खिशातली तार काढून बाकीच्यांशेजारी ठेवली. मी पट्टी उलटून बघितली. आई शेवटचा टाका एकावर एक तीन गाठी मारून संपवायची. त्या तिन्ही गाठी तिथे होत्या. बाबांनीही बघितल्या. मग खुर्ची ओढून बसले. वाद घालायचं सगळं बळ एकदम गेल्यासारखे बसले.

"त्या शुक्रवारी घरी आलो, गळ्याला हात लावला, तर दोनच," ते म्हणाले. "चार ठिकाणी गेलो होतो. कुठे राहिली ते आठवेना. शनिवारी दोन ठिकाणी परत जाऊन बघितलं. तिथे नव्हती. तिसरी जागा कुठली, तेच डोक्यातून गेलं. चौथीला कुलूप होतं. मग मनाला म्हटलं, रस्त्यात पडली असेल."

"ऑफिसात विचारायचं ना, बाबा. त्यांच्याकडे यादी असते."

"काय विचारू? मी परवा कुठे कुठे गेलो होतो ते मला सांगा, असं विचारू?"

मला रडू आलं. बाबांना मी चिडलेलं बघितलं होतं, आईच्या वेळी रडताना बघितलं होतं. घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

जरा वेळानं बाबांनी डोळे पुसले आणि ह्यांना म्हणाले, "झालं समाधान? केलं कबूल. आता इथंच मिटव."

मी ह्यांच्याकडे बघितलं. जाऊ दे, एवढं म्हणाले असते तर संपलं असतं. एकोणीस वर्षं ज्या शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, त्या एका शब्दासाठी मी तिथे जीव टाकत होते.

ह्यांनी चारही तारा मेणकापडावर एका रांगेत लावल्या. मग म्हणाले, "मामा, नुसती तार राहिली असती तर मिटवलं असतं. तुम्हाला आठवत नाही, हे मला मिटवता येत नाही. उद्या आठ वाजता तुम्हाला घ्यायला येतो. तुमचं तुम्ही साहेबांना सांगा. मी रजिस्टरमध्ये लपवलं, ते मी सांगतो. तुम्ही नाही बोललात तर दोन्ही मलाच सांगावं लागेल."

"बाहेर हो," बाबा म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. जिन्यात हे मधल्याच पायरीवर बसले. मी शेजारी बसले. बापाला बाहेर उघडं पाडायला निघालेल्या माणसाशी काय बोलायचं, मला सुचत नव्हतं, आणि त्याचं खरं आहे हेही दिसत होतं. दोन्हींचा राग येत होता.

सकाळी हे गेले तेव्हा बाबा दाढी करून, बूट घालून दारात उभे होते. दोघं ऑफिसात गेले. बाबांनी स्वतः सांगितलं. साहेबांनी त्याच दिवशी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. ह्यांना पत्र मिळालं. सहा महिने ह्यांच्या एकट्याच्या सहीवर कुठलीही लिफ्ट सुरू करायची नाही. मग साहेब म्हणाले, गेल्या वर्षभरात बाबांचा हात लागलेली प्रत्येक लिफ्ट उघडून बघायची. त्रेचाळीस निघाल्या. बाबांनी हत्याराला हात लावायचा नाही, पण बरोबर जायचं, कारण त्या जुन्या लिफ्टमध्ये कुठे काय केलंय ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आणि बरोबर कोण? तर आमचे हे. साहेबांना हा विनोद कळला नसावा.

मग रोज सकाळी जावई सासऱ्याला गाडीतून न्यायचा. बाबा मागच्या सीटवर बसायचे, पुढे नाही. बोलायचे ते फक्त लिफ्टबद्दल. 'वरचं लॉक बघ.' 'तो स्क्रू नको, डावीकडचा.' मी डबा घेऊन जायची, तर दार अर्धं उघडून डबा घ्यायचे आणि लावून टाकायचे. चर्चमध्ये लोक कुजबुजायला लागले. एकीनं मला विचारलंच, "जावयानं सासऱ्याची नोकरी घालवली म्हणे?" मी चपला घातल्या आणि तशीच निघाले. घरी येऊन ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "खरंच आहे ते." प्रार्थनेला गुडघे टेकायचे तेव्हा बाबांचं नाव घ्यायचे आणि पुढे गप्प बसायचे.

असं सहा आठवडे चाललं. एकविसावी लिफ्ट वृद्धांच्या निवासातली होती. दुसऱ्या मजल्यावरचं लॉक ह्यांनी उघडलं, तर आत उघड्या तांब्याच्या तारेनं ते बांधून टाकलेलं. लाल नाही, पिवळी पट्टी नाही, नुसती बारीक तार. दार उघडं असो की बंद, त्या मजल्यावर लिफ्टला कळणारच नव्हतं. तिथे किती महिने ते तसं होतं, देव जाणे. बाबा मागे बॅटरी धरून उभे होते. ते वाकले, निरखून बघितलं आणि म्हणाले, "गाठ माझी आहे."

कधी बांधली, का बांधली, काही आठवत नव्हतं. दाराबाहेर खुर्चीवर एक आजीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "झाली का हो सुरू?" बाबा म्हणाले, "अजून नाही, आजी. तुम्ही बसा." मग ह्यांना म्हणाले, "रजिस्टर घे. सगळं लिही. नाव पूर्ण लिही माझं."

त्या संध्याकाळी बाबा ह्यांच्याबरोबर आमच्या घरी आले. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. हे हात धुवायला आत गेले. मी चहा टाकला. बाबा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभे राहिले.

"तुझ्या नवऱ्याचा मला अजून राग आहे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "मग ऑफिसात सांगू का, उद्यापासून तुमच्याबरोबर दुसरा कुणी द्या म्हणून?"

बाबांनी कप घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"दुसरा नको. दुसरा मला तोंडावर सांगणार नाही. त्याला म्हणावं, आठला नको, साडेसातला ये. अजून बावीस राहिल्यात."